अर्धायुष्य कोणाच्या मतावर ठरत नाही, मग संभाव्यता व्यक्तिनिष्ठ कशी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सर्गी समस्थानिकाचे अर्धायुष्य, म्हणजे त्यातल्या निम्म्या अणुकेंद्रकांचा ऱ्हास व्हायला लागणारा काळ, सुमारे ६ तासांचे आहे आणि ते कोणत्याही देशातल्या, कोणत्याही विचाराच्या माणसाने मोजले तरी तेवढेच भरते. असे असताना क्वांटम यांत्रिकीतील संभाव्यता व्यक्तिनिष्ठ असते, म्हणजे ती अणूचा गुणधर्म नसून अणूविषयी अंदाज बांधणाऱ्याच्या विश्वासाची मात्रा असते, असे काही भौतिकशास्त्रज्ञ कशाच्या बळावर म्हणतात? आणि हे मत स्वीकारले किंवा नाकारले, तर प्रयोगशाळेत काम करणाऱ्याच्या हातून काही वेगळे घडते का?

फोटॉनांच्या, म्हणजे प्रकाशाच्या कणांच्या, अवस्थांचे मापन करणे आणि त्यातून मिळालेल्या आकड्यांचे विश्लेषण करणे हे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे. सुरुवातीला मीही संभाव्यता हा निसर्गाचाच गुणधर्म मानत होतो. आज मानत नाही. हे मत का बदलले ते सांगितले, तर आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यातच येतील. माझे म्हणणे असे आहे की संभाव्यतेचे आकडे ज्याचे त्याचे असतात, परंतु त्या आकड्यांना एकमेकांशी बांधणारा नियम मात्र कोणाच्या मर्जीचा नसतो. क्वांटम यांत्रिकीला जगाविषयी जे सांगायचे आहे ते त्या नियमातच आहे.

एका लहानशा प्रसंगापासून सुरुवात करतो. आमच्या एका प्रयोगात स्रोतातून उभ्या ध्रुवणाचे, म्हणजे ज्यांच्या विद्युत कंपनाची दिशा उभी आहे असे, फोटॉन एकेक करून बाहेर पडत होते. त्यांच्या वाटेत एक हाफ-वेव्ह प्लेट, म्हणजे ध्रुवणाची दिशा वळवणारी चकती होती, जिचा अक्ष उभा असेपर्यंत ध्रुवणात काही बदल होत नसे. पुढे ध्रुवणानुसार दोन वाटा करणारा काचेचा ठोकळा आणि प्रत्येक वाटेच्या शेवटी एक डिटेक्टर होता: उभा फोटॉन एका डिटेक्टरमध्ये, आडवा दुसऱ्यात. माझा विद्यार्थी जेवायला गेलेला असताना मी ती प्लेट २२.५ अंशांनी फिरवली. त्यामुळे फोटॉनांचे ध्रुवण ४५ अंशांनी वळले. नंतर दुसऱ्या कामात गुंतल्याने ही गोष्ट त्याला सांगायची राहून गेली. परत आल्यावर त्याने नोंदवहीत लिहिले की पुढचा फोटॉन उभ्या डिटेक्टरमध्ये जाण्याची संभाव्यता १. माझ्या हिशोबाने ती १/२ होती. खोलीत आमची एक सहकारी होती, तिने मला प्लेटपाशी उभे राहिलेले पाहिले होते, पण मी ती फिरवली की नुसती पुसली हे तिला कळले नव्हते. दोन्ही शक्यता सारख्याच धरल्या तर तिचा आकडा ३/४ येतो.

एकाच फोटॉनासाठी हे तीन आकडे झाले, आणि तिघांपैकी कोणीही गणितात चुकलेले नव्हते. आपण म्हणाल की खरा आकडा १/२, कारण मला खरी परिस्थिती माहीत होती आणि बाकीच्या दोघांना नव्हती. माझ्याकडे माहिती जास्त होती हे कबूल. परंतु माझा १/२ तरी कशावर उभा होता? प्लेटच्या कडेवरच्या खुणा बरोबर आहेत, स्रोत काल होता तसाच आज आहे, ठोकळ्याचा कोन सरकलेला नाही, या सगळ्यांवर मी विश्वास ठेवला होता. ती प्लेट धरून ठेवणारे कडे थोडे सैल आहे हे जाणणाऱ्या चौथ्या माणसाने आणखी वेगळा आकडा लिहिला असता. माहितीच्या या पायऱ्या चढत गेल्यावर शेवटी एका अशा पायरीवर पाय पडतो जिथे फोटॉनाने स्वतःजवळ बाळगलेली संभाव्यता ठेवलेली असते, असे मानण्याला माझ्या कामात मला कधीच आधार सापडला नाही. प्रत्येक पायरीवर कोणाचा तरी अंदाज आणि त्या अंदाजामागची त्याची कारणे एवढेच हाती लागले.

आता ‘व्यक्तिनिष्ठ’ या शब्दाविषयी. मराठीत हा शब्द ऐकताच ‘मनमानी’ हा अर्थ डोक्यात येतो आणि अर्धा वाद तिथेच बिघडतो. इंग्लंडमध्ये फ्रँक रॅम्झी यांनी १९२६ मध्ये आणि त्यानंतर काही वर्षांत इटलीत ब्रूनो दे फिनेत्ती यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की संभाव्यता म्हणजे एखाद्या गोष्टीवर माणूस कोणत्या भावाने पैज लावायला तयार आहे याची मात्रा, असे मानले तरीही संभाव्यतेचे सगळे नेहमीचे नियम पाळावेच लागतात. समजा कोणी म्हणाला की उद्या पाऊस पडण्यावर माझा विश्वास ०.६ आणि न पडण्यावरही ०.६ आहे. मग ‘पाऊस पडला तर १०० रुपये’ अशी चिठ्ठी तो ६० रुपयांना घेईल आणि ‘पाऊस पडला नाही तर १०० रुपये’ ही चिठ्ठीही ६० रुपयांनाच घेईल. एकूण १२० रुपये देऊन, आभाळातून काहीही घडो, त्याच्या हाती १०० रुपयेच येतील. २० रुपयांचे हे नुकसान त्याने पाऊस येण्याआधीच ओढवून घेतलेले असते. ते टाळायचे असेल तर दोन्ही आकड्यांची बेरीज १ ठेवणे भाग आहे. ०.६ च का आणि ०.३ का नाही, हे मात्र कोणताही नियम ठरवून देत नाही. ते त्या माणसाच्या अनुभवावर आणि पूर्वग्रहावर सोडलेले आहे. दे फिनेत्ती यांनी तर आपल्या संभाव्यतेवरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत, संभाव्यता अस्तित्वातच नाही, हे विधान ठळक मोठ्या अक्षरांत छापले. त्यांना म्हणायचे होते ते हे की आपल्या मनाबाहेर तिचे अस्तित्व नाही.

इथे एक नोंद करायला हवी. बेझच्या पद्धतीने, म्हणजे पुरावा येईल तसा विश्वासाचा आकडा बदलत, विचार करणारे सगळेच दे फिनेत्तींच्या इतके पुढे जात नाहीत. केंब्रिजचे हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या मते दिलेल्या पुराव्यावरून विवेकी माणसाने कोणता आकडा धरावा हे तर्कानेच ठरायला हवे, व्यक्तीव्यक्तीत फरक पडता कामा नये. याच जेफ्रीज यांच्या हाताखाली संशोधन करून वसंत शंकर हुजूरबाजार पुण्यात आले आणि त्यांनी पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभा केला. त्यामुळे हा विचार महाराष्ट्राला परका नाही. परंतु पुढे मी ज्या मताची बाजू घेणार आहे ते जेफ्रीज यांचे नसून दे फिनेत्ती यांच्या वळणाचे आहे, हे लक्षात असू द्यावे.

आता अर्धायुष्याकडे वळू. टेक्नेशियमच्या एका अणुकेंद्रकाचा पुढच्या ६ तासांत ऱ्हास होण्याची संभाव्यता १/२ आहे यावर सगळ्यांचे एकमत होते, म्हणून ती वस्तुनिष्ठ, असा आपला युक्तिवाद आहे. दे फिनेत्तींचे सर्वांत सुंदर प्रमेय नेमके या एकमताविषयी आहे. समजा एका व्यक्तीला अणुकेंद्रकांच्या एका लांबलचक रांगेत क्रमाला काही महत्त्व नाही असे वाटते. म्हणजे कोणतीही केंद्रके आपापसांत अदलाबदल केली तरी तिचे अंदाज बदलत नाहीत. रांग कितीही वाढवली तरी तिचा हाच निर्णय कायम राहतो असे धरले, तर तिचे सगळे अंदाज गणिताने अशा रूपात लिहिता येतात की जणू एक अज्ञात पण ठाम संभाव्यता आहे आणि तिच्या निरनिराळ्या मूल्यांवर त्या व्यक्तीचा कमीअधिक विश्वास वाटलेला आहे. ‘अज्ञात संभाव्यता’ ही वस्तू गृहीत न धरताच ती हिशोबात आपोआप उगवते. पुढे निरीक्षणे जमत गेली की हा वाटलेला विश्वास एका मूल्याभोवती आकसत जातो. दोन व्यक्तींनी सुरुवातीला अगदी वेगळी मते धरली असली, तरी दोघींनीही अदलाबदलीचा निर्णय मान्य केला असेल आणि कोणतेही मूल्य आधीच अशक्य म्हणून बाद केलेले नसेल, तर तीच निरीक्षणे पाहून त्या एकाच आकड्यापाशी येऊन पोहोचतात.

म्हणजे ६ तासांचा आकडा सर्वत्र सारखा येतो तो सामायिक निर्णय आणि अफाट संख्येने जमलेली सामायिक निरीक्षणे यांमुळे. निरीक्षणे तशीच का येतात, याला जगात काहीतरी कारण आहे हे मी नाकारत नाही. त्या कारणाला ‘संभाव्यता’ म्हणायला मात्र नकार देतो. ज्या केंद्रकाचा ऱ्हास झाल्याची खूण एखाद्याच्या डिटेक्टरने आधीच टिपलेली आहे, त्याच्यासाठी त्या केंद्रकाचा आकडा १ असतो, आणि शेजारच्या खोलीत बसलेल्या, ती नोंद न पाहिलेल्या माणसाचा १/२ च राहतो. त्या दोघांच्या आकड्यांत फरक पडला म्हणून केंद्रकात काही फरक पडलेला नसतो.

इथपर्यंत मी जे सांगितले ते नाणेफेकीलाही लागू आहे. क्वांटम यांत्रिकीचे वेगळेपण यापुढे सुरू होते, आणि माझ्या मते या विषयाचा गाभा तिथेच आहे.

नाण्याच्या बाबतीत अधिक माहिती मिळवत गेलो, म्हणजे फेकीचा वेग, फिरण्याची गती, हवेचा रोध हे सगळे कळत गेले, तर शेवटी संभाव्यता ० किंवा १ पर्यंत नेता येते. जास्तीत जास्त माहिती म्हणजेच तिथे संपूर्ण माहिती. फोटॉनाच्या बाबतीत तसे होत नाही. ४५ अंशांच्या ध्रुवणाचा फोटॉन आहे हे मान्य केल्यावर त्याहून अधिक जाणण्यासारखे सिद्धांतात काही उरत नाही, आणि तरीही उभ्या-आडव्याच्या कसोटीवर आकडा १/२ च राहतो. कार्लटन केव्ह्ज, ख्रिस्तोफर फुक्स आणि रूडिगर शाक यांनी २००२ मध्ये क्वांटम अवस्थेतल्या संभाव्यता बेझच्या अर्थानेच घ्याव्यात असा प्रबंध मांडला, तेव्हा त्यांनी याच मुद्द्यावर बोट ठेवले होते: क्वांटम यांत्रिकीत कमाल माहिती ही संपूर्ण नसते आणि ती संपूर्ण करताही येत नाही. पुढे याच विचाराला ‘क्यूबिझम’ हे नाव मिळाले आणि डेव्हिड मर्मिन यांच्यासारखे मान्यवर भौतिकशास्त्रज्ञही त्याच्या बाजूने लिहू लागले.

तरंगफलनाचा, म्हणजे क्वांटम अवस्था गणितात मांडणाऱ्या सूत्राचा, संभाव्यतेशी संबंध प्रथम माक्स बॉर्न यांनी १९२६ मध्ये कणांच्या टकरीवरील लेखात जोडला. संभाव्यता ही तरंगफलनाच्या वर्गाच्या प्रमाणात असते ही दुरुस्ती त्यांनी मुद्रिते तपासताना तळटीपेत घातली. १९५४ मध्ये त्यांना मिळालेल्या नोबेल पारितोषिकाचे मूळ त्याच कामात आहे. पाठ्यपुस्तकांत हा नियम असा शिकवला जातो की अवस्था आधी दिलेली असते आणि तिच्यातून संभाव्यता काढायची असते. व्यक्तिनिष्ठ दृष्टीने पाहिले की हाच नियम वेगळा दिसतो: तो एका मापनाविषयीचे माझे आकडे आणि दुसऱ्या मापनाविषयीचे माझेच आकडे यांची सांगड घालतो. हे नुसते बोलून पटत नाही, म्हणून प्रत्यक्ष आकडेमोड करून दाखवतो.

फोटॉनाच्या चार ध्रुवण-अवस्था अशा निवडता येतात की त्यांतल्या कोणत्याही दोहोंचे नाते अगदी सारखे असते: एका अवस्थेतला फोटॉन दुसरीच्या कसोटीला लावला तर तो पार होण्याची संभाव्यता नेमकी १/३ येते. या चौघींतली पहिली म्हणून उभे ध्रुवण घेऊ. आता चार खिडक्यांचे एक यंत्र कल्पा. फोटॉन चारपैकी एका खिडकीतून बाहेर पडतो आणि ज्या खिडकीतून पडला त्या क्रमांकाची अवस्था घेऊन पडतो. येणारा फोटॉन उभा आहे याची मला पक्की खात्री असेल, तर सिद्धांतानुसार चार खिडक्यांसाठी माझे आकडे १/२, १/६, १/६, १/६ असे असायला हवेत. बेरीज १ होते, म्हणजे इथपर्यंत ठीक.

या यंत्राच्या पुढे मी उभ्या-आडव्याची कसोटी ठेवली, तर फोटॉन उभा निघण्याची संभाव्यता किती? पहिल्या खिडकीतून आला तर १, बाकी तिन्हींतून आला तर प्रत्येकी १/३. एकूण संभाव्यतेचा शाळेपासून परिचित असलेला नियम लावला की १/२ गुणिले १ अधिक तीन वेळा १/६ गुणिले १/३, म्हणजे २/३ येतात. यात काहीच नवल नाही. आता चार खिडक्यांचे यंत्र उचलून बाजूला ठेवू आणि फोटॉन थेट कसोटीवर सोडू. फोटॉन उभाच आहे, त्यामुळे उत्तर १ यायला हवे, आणि ते तसेच येते. त्या चार खिडक्या फोटॉनात आधीपासून असलेली एखादी गोष्ट केवळ उघड करत असत्या, तर यंत्र मध्ये असो वा नसो, उत्तर २/३ च राहिले असते. ते राहत नाही. सगळे गूढ १ आणि २/३ यांच्यातल्या या अंतरात आहे.

परंतु हे अंतर बेबंद नाही. खिडक्यांचे तेच आकडे वापरून थेट कसोटीचे उत्तर काढता येते. फक्त प्रत्येक आकड्याची तिप्पट करून त्यातून १/२ वजा करायचे आणि मग बेरीज करायची. पहिल्या खिडकीसाठी ३ गुणिले १/२ वजा १/२, म्हणजे १. बाकीच्यांसाठी ३ गुणिले १/६ वजा १/२, म्हणजे ०. बेरीज १ गुणिले १, अधिक तीन शून्ये: उत्तर १. येणारा फोटॉन आडवा आहे अशी माझी खात्री असेल तर खिडक्यांचे आकडे ०, १/३, १/३, १/३ होतात. यंत्र मध्ये ठेवल्यास फोटॉन उभा निघण्याची संभाव्यता १/३ येते, तर थेट कसोटीसाठीचे भार उणे १/२ आणि तीन वेळा अधिक १/२ असे येऊन उत्तर बरोबर ० मिळते. भार ऋण येतो, म्हणजे तो संभाव्यता नव्हे हे उघड आहे. तो दोन निरनिराळ्या प्रयोगांविषयीच्या माझ्या अंदाजांना जोडणारा दुवा आहे. फोटॉनाच्या ध्रुवणाऐवजी अधिक मितींची, म्हणजे एका मापनात दोनांहून अधिक वेगळी फळे देऊ शकणारी, प्रणाली घेतली तर तिपटीच्या जागी मितीपेक्षा एकाने मोठी संख्या आणि १/२ च्या जागी १ भागिले मिती येते, बाकी सूत्र तेच. प्रत्येक मितीत असे सममित मापन असतेच, अशी अपेक्षा गेऱ्हार्ड झाउनर यांनी १९९९ मध्ये व्हिएन्नातील आपल्या प्रबंधात मांडली. अनेक मितींत ती खरी ठरली असून सर्व मितींसाठीची बिनशर्त सिद्धता हा गणितज्ञांपुढचा कठीण प्रश्न आहे.

मला स्वतःला या हिशोबाने पटवले. यात तरंगफलन कुठेही आले नाही. माझे चार आकडे, माझे सशर्त आकडे आणि त्यांतून निघणारा माझाच आणखी एक आकडा, एवढेच आहे. पावसाच्या चिठ्ठ्यांच्या उदाहरणात बेरीज १ ठेवण्याचे बंधन जसे विवेकाने घातले होते, तसेच हे बंधन आहे. फरक इतकाच, पण फार मोठा, की हे बंधन केवळ विवेकातून निघत नाही. दुसऱ्या एखाद्या जगात ते वेगळे असू शकले असते. आपल्या जगात ते असे आहे हे प्रयोगांनीच शिकवले. येणारा फोटॉन उभा की आडवा, की त्या दोन्हींचे काही मिश्रण, हे माझे मत. त्या मतातून निघणाऱ्या आकड्यांनी आपसांत या सूत्राने वागले पाहिजे, हे जगाचे म्हणणे. अँड्र्यू ग्लीसन यांनी १९५७ मध्ये सिद्ध केलेले प्रमेयही याच दिशेने जाते: तीन किंवा अधिक मितींत, मापनांच्या रचनेशी सुसंगत अशी संभाव्यता वाटण्याची पद्धत बॉर्न यांच्या नियमाखेरीज दुसरी असूच शकत नाही.

या भूमिकेची किंमत मोजावी लागते, आणि ती लपवून ठेवणे मला योग्य वाटत नाही. पहिली किंमत संभाव्यता १ विषयी आहे. आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी १९३५ च्या लेखात असा निकष ठेवला की एखाद्या प्रणालीला धक्का न लावता तिच्या एखाद्या राशीचे मूल्य पूर्ण खात्रीने सांगता येत असेल, तर त्या राशीशी जुळणारे काहीतरी वास्तवात असलेच पाहिजे. व्यक्तिनिष्ठ भूमिका घेणाऱ्याला हा निकष नाकारावा लागतो, कारण संभाव्यता १ हासुद्धा त्याच्या दृष्टीने एक विश्वासच आहे, फक्त अत्यंत दृढ. माझ्या विद्यार्थ्याने नोंदवहीत लिहिलेला १ आठवा: तो पूर्ण खात्रीचा होता, आणि त्याच्याशी जुळणारे फोटॉनात काहीही नव्हते. तरीही हा घास सहज गिळता येत नाही. विद्यार्थी निदान चुकीच्या माहितीवर होता. माहिती बरोबर असतानाही खात्रीमागे वस्तू नाही असे म्हणण्याला मन तयार व्हायला मला काही वर्षे लागली.

या नकाराचा लाभ बेल यांच्या प्रमेयापाशी दिसतो. जॉन बेल यांनी १९६४ मध्ये दाखवले की दूरदूरच्या दोन मापनांची फळे आधीच ठरलेली असतील आणि एका ठिकाणचा प्रभाव दुसऱ्या ठिकाणी तत्काळ पोहोचत नसेल, तर त्यांच्या परस्परसंबंधावर मर्यादा पडते. या प्रमेयाच्या प्रचलित रूपात ती मर्यादा २ आहे. क्वांटम यांत्रिकी सुमारे २.८२८ पर्यंत जाऊ देते. आलँ आस्पे यांचे १९८२ चे प्रयोग आणि २०१५ मध्ये डेल्फ्टला १.३ किलोमीटर अंतरावर केलेला, आधीच्या प्रयोगांवरच्या शंकांच्या पळवाटा बंद करणारा प्रयोग यांनी २ ची मर्यादा ओलांडली जाते हे निर्विवाद केले. आस्पे, जॉन क्लाउझर आणि आंतोन त्साइलिंगर यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. व्यक्तिनिष्ठ भूमिकेत दूरच्या मापनाने बदलते ते माझे भाकीत, दूरचा कण नव्हे, त्यामुळे तत्काळ पोहोचणाऱ्या प्रभावाची गरजच पडत नाही. इथपर्यंत मी क्यूबिझमबरोबर आहे. परंतु दोन्ही टोकांच्या नोंदी शेवटी एकत्र आणल्यावर त्या इतक्या घट्ट जुळलेल्या का निघतात, याचे स्पष्टीकरण या भूमिकेत मला मिळत नाही. जुळतील असे भाकीत कसे करावे हे मिळते. काहींना तेवढे पुरते. मला ते अपुरे वाटते, आणि इथे काम उरलेले आहे असे मी मानतो.

दुसरी किंमत यूजीन विग्नर यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या विचारप्रयोगातली. बंद खोलीत विग्नर यांचा मित्र मापन करतो आणि त्याला फळ दिसते. बाहेर उभे असलेले विग्नर मात्र संपूर्ण खोलीला, मित्रासह, अनिश्चित संयुक्त अवस्था देतात. अवस्था ही वस्तूची असेल तर दोघांपैकी एक चुकला पाहिजे. ती अंदाज बांधणाऱ्याची असेल तर विरोध उरत नाही, जसा माझ्या आणि विद्यार्थ्याच्या आकड्यांत नव्हता. पण मग मापनाचे फळही ज्याने अनुभवले त्याचेच, असे म्हणण्यापर्यंत जावे लागते, आणि क्यूबिझमचे पुरस्कर्ते तसे जातातही. मी तिथपर्यंत जातो, पण पाऊल जपून टाकतो.

इतर मार्ग आहेतच. डेव्हिड बोम यांच्या १९५२ च्या सिद्धांतात कणांना नेमकी स्थाने असतात आणि संभाव्यता म्हणजे त्या स्थानांविषयीचे अज्ञान. तरंगफलन खरोखरच अधूनमधून कोसळते असे मानणाऱ्या सिद्धांतांत योगायोग निसर्गातच असतो. तो पटत असेल तर आपल्या अर्धायुष्याच्या प्रश्नाला तेच सर्वांत सरळ उत्तर आहे. ह्यू एव्हरेट यांच्या १९५७ च्या मांडणीत सगळीच फळे घडतात, आणि तिथे संभाव्यतेला अर्थ देण्यासाठी डेव्हिड डॉइच यांनी १९९९ मध्ये विवेकी माणूस पैज कशी लावेल याच युक्तिवादाचा आधार घेतला, ही गोष्ट मला बोलकी वाटते. २०१२ मध्ये प्यूझी, बॅरेट आणि रुडॉल्फ यांच्या प्रमेयाने व्यक्तिनिष्ठ अर्थ मोडीत काढला असे कधी कधी सांगितले जाते, ते मात्र बरोबर नाही: तरंगफलन हे एखाद्या खोलवरच्या, आधीच ठरलेल्या वास्तव अवस्थेविषयीचे अपुरे ज्ञान आहे, या मताविरुद्ध ते प्रमेय आहे. आपल्याच पुढच्या अनुभवांविषयीचा अंदाज म्हणजे तरंगफलन, असे म्हणणाऱ्याला ते लागू होत नाही.

आता आपला दुसरा प्रश्न: हातून काही वेगळे घडते का? माझ्या हातून घडते. आमच्या कामात ‘अज्ञात क्वांटम अवस्था’ शोधून काढणे ही रोजची गोष्ट आहे. स्रोतातून येणारे हजारो फोटॉन निरनिराळ्या कोनांतून मोजायचे आणि त्यांवरून अवस्था ठरवायची. अवस्था जर कोणाचा तरी विश्वास असेल तर ‘अज्ञात’ कोणाला, हा आक्षेप रास्त आहे. केव्ह्ज, फुक्स आणि शाक यांनी त्याला दे फिनेत्तींच्या प्रमेयाच्या क्वांटम रूपाने उत्तर दिले: स्रोतातून येणाऱ्या प्रणाली अदलाबदल करण्याजोग्या आहेत एवढा निर्णय घेतला की ‘अज्ञात अवस्था’ हिशोबात तशीच उगवते जशी अर्धायुष्याच्या बाबतीत ‘अज्ञात संभाव्यता’ उगवली होती. व्यवहारात याचा अर्थ असा की अदलाबदलीचा निर्णय आधी तपासावा लागतो. सकाळचे आणि दुपारचे फोटॉन मी खरोखर सारखे मानतो का? लेझर तापत जाऊन स्रोत सरकत असेल तर नाही, आणि मग सगळ्या नोंदी एका ढिगात टाकून काढलेल्या सुबक अवस्थेला काही अर्थ उरत नाही.

दुसरा फरक शून्यांविषयी आहे. निरीक्षणांशी सर्वाधिक जुळणारी अवस्था निवडण्याची जी पद्धत सर्रास वापरली जाते, ती मोजक्या नोंदींवरून एखाद्या फळाची संभाव्यता थेट शून्य ठरवून मोकळी होते. १०० फोटॉनांत एकही आडव्या डिटेक्टरमध्ये गेला नाही म्हणून आडवा येणे अशक्य, असे मी कोणत्या भावाने म्हणायला तयार आहे? शून्य म्हणजे समोरचा कितीही मोठी रक्कम मागो, ‘आडवा आला तर तेवढी रक्कम देईन’ अशी चिठ्ठी मी त्याला फुकट लिहून देईन असे सांगणे. सुरुवातीला सर्व मूल्यांवर सारखा विश्वास धरणारा लाप्लासचा जुना नियम लावला तर पुढच्या फोटॉनासाठी १/१०२ येते, आणि तो आकडा मी सही करून देऊ शकतो. म्हणून आमच्या अहवालांत आता एकच अवस्था छापली जात नाही. सुरुवातीचा विश्वास कोणता धरला आणि नोंदींनंतर तो कुठवर आकसला, हे दोन्ही दिले जाते, म्हणजे ज्याला वेगळी सुरुवात करायची असेल त्याला आमच्याच नोंदी घेऊन ती करता येते.

नोंदवहीतही एक रकाना वाढला आहे. भाकिताच्या प्रत्येक आकड्यासमोर तो कोणाचा आहे आणि प्लेटचा कोन त्याने स्वतः शेवटचा केव्हा पाहिला होता, हे त्यात लिहिले जाते.